पाहुण्याच्या खोलीत आधी आपण एक रात्र झोपा



कापूरहोळ हे आपल्या भागातले नाक्याचे गाव. पुणे-सातारा महामार्गावरून इथेच भोरचा फाटा फुटतो, नारायणपूर-सासवडचा रस्ताही इथूनच. संभाजीराजांच्या दूधआई धाराऊ गाडे याच गावच्या. बनेश्वर, नारायणपूर, राजगड, पुरंदर पाहायला येणारी शहरातली मंडळी आता मुक्कामाचे विचारतात. तेव्हा मळ्यातले रिकामे घर पैसे घेऊन त्यांना द्यावे, असे काही सभासद आमच्याजवळ बोलतात. विचार चांगला आहे. उसाचे बिल हाती येईपर्यंत घराला तेवढाच हातभार. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरणही केले आहे.

परंतु आधी रंग आणि पाटी यांवर खर्च होतो, आणि नडते भलतेच. म्हणून आमचे एकच सांगणे आहे. पहिला पाहुणा येण्याआधी नवरा-बायकोने त्या खोलीत एक रात्र झोपावे. बेणे लावण्यापूर्वी आपण डोळे पाहून घेतो, तसेच हे. त्या रात्री पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) पाणी : टाकी रिकामी करून घासावी. पिण्याच्या १,००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर टाकून निदान अर्धा तास थांबावे. शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट लांब असावा.

२) अंधार : रात्री उठून संडासापर्यंत चालत जावे. जिथे आपला पाय अडखळला, तिथे दिवा हवा. पाचट व सरपण भिंतीला लागून ठेवू नये. उंदीर तिथे येतात, त्यांच्यामागे साप. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता १०८ ला फोन करावा.

३) न्हाणीघर : गॅसचा गीझर बंद न्हाणीत मुळीच नको. त्याच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस आतल्या आत कोसळतो. गीझर बाहेर मोकळ्या हवेत बसवावा.

४) विहीर व औषधे : विहिरीला कठडा, शेततळ्याला कुंपण हवे. उरलेले तणनाशक आपल्यापैकी बरेच जण थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवतात. घरच्या पोराला ते ठाऊक असते, शहरातल्या पोराला नसते. बाटली पाहिली की ते तोंडाला लावणार. औषध मूळ डब्यातच आणि कुलपातच ठेवावे. ही एक गोष्ट जमत नसेल, तर पाहुणे घेऊच नयेत.

आता थोडे हिशेबाचे. पिठलं-भाकरी थापणार, चादरी धुणार त्या घरच्या बायका, आणि पैसे मात्र मालकाच्या खिशात, असे चालणार नाही. वेगळी वही घालून त्यांची मजुरी आधी काढावी, मग उरेल तो नफा. लागणीचे काम अंगावर असेल त्या आठवड्यात पाहुण्यांना सरळ नाही म्हणावे. पहिल्या वर्षी मोठे कर्ज काढू नये.

पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी. येणाऱ्याचे नाव, पत्ता, ओळखपत्र वहीत लिहून घ्यावे.

पाहुणा आपल्याकडे गादीसाठी येत नाही. तो ऊस, गाय, चुलीवरची भाकरी पाहायला येतो. ते आपल्याजवळ आहेच. तो धडधाकट परत जाईल एवढी जबाबदारी मात्र आपली. तरी सभासदांनी ती एक रात्र अवश्य काढावी, ही विनंती.