हृदयाची चुकलेली लय

निरोगी माणसाची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साठ ते शंभर वेळा उडते, आणि तिच्या दोन ठोक्यांमधील अंतर जवळजवळ सारखे असते. काही रोग्यांच्या नाडीत मात्र हा नियम राहत नाही. एक ठोका जोरकस लागतो, दुसरा बोटाला जेमतेम जाणवतो. कधी दोन ठोके लागोपाठ येतात, तर कधी मध्येच पोकळी पडते. ह्या अनियमितपणालाही काही क्रम असेल म्हणून शोधू जावे, तर तोही सापडत नाही. अशी नाडी वैद्यांना फार पूर्वीपासून परिचित होती. परंतु तिचे कारण विसाव्या शतकाच्या आरंभी, हृदयाच्या विद्युत्-आलेखाचे यंत्र हाती आल्यावरच स्पष्ट झाले. इंग्लंडमधील टॉमस लुइस यांनी १९०९ साली ह्या आलेखाच्या आधारे दाखवून दिले की, दोष नाडीत नसून हृदयाच्या वरच्या कप्प्यांत आहे. ह्या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन असे नाव आहे. मराठीत त्याला ‘कर्णिका-कंपन’ म्हणता येईल.

विकाराचे स्वरूप

हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोहोंना कर्णिका व खालच्या दोहोंना जवनिका म्हणतात. उजव्या कर्णिकेतील एका लहानशा पेशीसमूहातून विजेचा सूक्ष्म आवेग निघतो; तो दोन्ही कर्णिकांतून पसरतो व मधल्या एका टप्प्यावर क्षणभर थांबून जवनिकांकडे जातो. म्हणून कर्णिका आधी आकुंचन पावतात आणि जवनिका मागाहून. कर्णिका-कंपनात ही शिस्त मोडते. मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे असे विस्कळीत आवेग कर्णिकांत फिरू लागतात. त्यामुळे कर्णिका आकुंचन न पावता नुसत्या थरथरतात. मधला टप्पा ह्यांपैकी काहीच आवेग, तेही अनियमितपणे, खाली जाऊ देतो. आणि नाडी बेताल होते.

धडधड, थकवा व धाप ही ह्या विकाराची लक्षणे होत. तथापि खरा धोका निराळाच आहे. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साचून राहते. साचलेले रक्त गोठते; विशेषतः डाव्या कर्णिकेला लागून असलेल्या पिशवीसारख्या भागात त्याची गुठळी तयार होते. ही गुठळी सुटून रक्ताबरोबर मेंदूकडे गेली, तर तेथील रक्तवाहिनी बंद पडते आणि धडधाकट दिसणारा माणूस काही क्षणांत अर्धांगवायूने लुळा होतो. म्हणूनच ह्या विकारावरील संशोधनाचा मोठा भाग लय सुधारण्याइतकाच गुठळी टाळण्याच्या प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

एकच नाव, दोन रोगी

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम ह्या गावी १९४८ साली हृदयरोगांची एक दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. तिच्या आधारे १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात कर्णिका-कंपनाच्या रोग्यांचे दोन गट करण्यात आले होते. ज्यांच्या झडपा संधिज्वराने बिघडलेल्या नव्हत्या, त्यांना अर्धांगवायूचा धोका इतरांच्या पाचपटींहून अधिक होता; ज्यांच्या झडपा तशा बिघडलेल्या होत्या, त्यांना तो सुमारे सतरापट होता.

पाश्चात्त्य देशांत ह्यानंतर दुसरा गट झपाट्याने दिसेनासा होत गेला. तेथील रोगी बहुधा सत्तरीच्या आसपासचा असतो, आणि वाढते वय व रक्तदाब ही त्याच्या विकाराची कारणे असतात. भारतातील चित्र वेगळे राहिले. सेहेचाळीस देशांतील पंधरा हजारांहून अधिक रोग्यांची जी नोंद २०१४ साली प्रसिद्ध झाली, तीत उत्तर अमेरिकेतील रोग्यांपैकी २.२ टक्के, तर भारतातील रोग्यांपैकी ३१.५ टक्के रोग्यांना संधिज्वरजन्य हृदयरोग असल्याचे आढळले. ही माणसे वृद्ध नसतात. तिशी-चाळिशीतल्या स्त्रियांचे प्रमाण त्यांत लक्षणीय असते.

ह्या रोगाची सुरुवात अगदी क्षुल्लक वाटावी अशी असते. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंमुळे घसा दुखतो. काही मुलांच्या बाबतीत दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो व सांधे सुजतात. शरीराची जंतूंविरुद्धची प्रतिक्रिया स्वतःच्याच हृदयाला इजा करू लागते. सांधे बरे होतात, झडपा मात्र होत नाहीत. डावी कर्णिका व डावी जवनिका ह्यांमधील द्विदल झडप वर्षानुवर्षे जाड व अरुंद होत जाते. रक्त पुढे सरकेनासे झाल्यामुळे कर्णिका ताणली जाते, आणि ताणलेली कर्णिका एके दिवशी थरथरू लागते.

चंदीगढचे कार्य

चंदीगढ येथे १९६२ साली स्थापन झालेल्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेला १९६७ साली राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश व जम्मू-काश्मीर येथून रोगी तेथे येतात. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांवरून रोगाचे खरे प्रमाण कळत नाही; त्यासाठी रुग्णालयाबाहेर पडावे लागते. तसे प्रयत्न येथे लवकरच झाले. उत्तर भारतातील संधिज्वर व संधिज्वरजन्य हृदयरोग ह्यांच्या प्रमाणाची जे. एन. बेरी यांनी केलेली पाहणी १९७२ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

पुढचे पाऊल होते ते खेड्यांत जाण्याचे. त्या वेळच्या अंबाला जिल्ह्यातील रायपूर रानी ह्या विभागात १९८८ साली संधिज्वराच्या रोग्यांची नोंदवही सुरू झाली व बारा वर्षे चालविली गेली. संशयित रोगी ओळखण्याचे काम आरोग्यसेवकांना व शाळांतील शिक्षकांना शिकविण्यात आले. निदान झालेल्या रोग्याला ठराविक काळाने पेनिसिलिनचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन द्यावयाचे व त्याचा पाठपुरावा करावयाचा, अशी ही योजना होती. पेनिसिलिनने बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही. परंतु नव्या जंतुसंसर्गाला आळा बसल्यामुळे ज्वर उलटत नाही आणि झडपेवर घावावर घाव पडणे थांबते.

चंदीगढ हे आखणी करून वसविलेले शहर आहे. रुंद रस्ते, मोकळी हवा व उजेड ह्यांचा विचार त्याच्या रचनेत आधीपासून झालेला आहे. परंतु ह्या शहराच्या कडेलाही दाटीच्या वस्त्या उभ्या राहिल्या. अशाच एका वस्तीतील पाच ते पंधरा वर्षे वयाच्या पाचशेहून अधिक मुलांचे वर्षभर निरीक्षण करण्यात आले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, ह्या विशिष्ट जंतूमुळे होणारी घसेदुखी दर मुलामागे वर्षातून सरासरी जवळजवळ एकदा होत होती. एकाच खोलीत अनेक जण झोपतात तेथे जंतूला दूरचा प्रवास करावा लागत नाही. हृदयरोगतज्ज्ञाकडे तिशीत येणारा विकार दहाव्या वर्षीच्या घशातून निघालेला असतो, हे अशा पाहण्यांनी दाखविले.

जुने औषध, नवे औषध

ज्याची कर्णिका थरथरू लागली आहे अशा रोग्यासाठी काय करावे, हा प्रश्न तरीही उरतोच. ठोक्यांचा वेग आवरण्यासाठी डिजिटॅलिस वनस्पतीपासून मिळणारी व नंतर निघालेली इतर औषधे आहेत. अरुंद झडप फुग्याच्या साहाय्याने रुंद करता येते. जपानमधील इनोउ यांनी ही पद्धत १९८४ साली प्रसिद्ध केली. रक्ताची गुठळी टाळण्यासाठी वॉर्फरिन व त्याच्या वर्गातील औषधे दिली जातात.

वॉर्फरिनचा इतिहास चमत्कारिक आहे. उत्तर अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात कुजके गवत खाल्लेली गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या गवतातील द्रव्य कार्ल पॉल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. त्यापासून पुढे तयार झालेले वॉर्फरिन प्रथम उंदीर मारण्यासाठी विकले गेले, आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून देण्यात येऊ लागले. जीवनसत्त्व ‘के’च्या कार्यात ते अडथळा आणते व त्यामुळे रक्त गोठण्यास विलंब लागतो. मात्रा कमी पडली तर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून वारंवार रक्त तपासावे लागते. पालेभाज्यांत हे जीवनसत्त्व विपुल असल्याने, पंजाबात हिवाळ्यात मोहरीच्या पाल्याची भाजी रोज खाल्ली जाऊ लागली की मात्रेचे गणित बदलू शकते. गर्भारपणाच्या आरंभीच्या महिन्यांत हे औषध गर्भाला अपायकारक ठरू शकते. आणि येथील रोग्यांत तरुण स्त्रिया अनेक. दूरच्या खेड्यातून तपासणीसाठी येणाऱ्या रोग्याची एक दिवसाची मजुरी बुडते, ही अडचण आणखी वेगळीच.

२००९ नंतर नवी औषधे पुढे आली. त्यांना नियमित रक्ततपासणी लागत नाही. ती वॉर्फरिनच्या तोडीची किंवा त्याहून सरस असल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले. परंतु ज्यांची द्विदल झडप बरीच अरुंद झाली आहे, अशा रोग्यांना ह्या चाचण्यांतून वगळले होते. नवी औषधे वापरावयास सोपी आहेत, तेव्हा ती आपल्याकडील रोग्यांनाही अधिक हितकर ठरतील, असा तर्क करणे स्वाभाविक होते.

ह्या तर्काची कसोटी ज्या चाचणीत लागली, तिचे प्रमुख संशोधक नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील गणेशन कार्तिकेयन हे होते. आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिका ह्यांतील चोवीस देशांत ती चालली व तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. अंतिम विश्लेषणात ४,५३१ रोगी होते. त्यांचे सरासरी वय पन्नाशीचे असून सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडण्यात आले. नवे औषध रिव्हॅरॉक्सबॅन घेणाऱ्या २,२७५ रोग्यांपैकी ५५२ दगावले; जुन्या वर्गातील औषध घेणाऱ्या २,२५६ रोग्यांपैकी ४४२ दगावले. गंभीर रक्तस्रावाचे प्रमाणही जुन्या औषधाने वाढले नाही. तर्क उलटा ठरला होता.

विशेष म्हणजे मृत्यूंमधील ही तफावत केवळ अर्धांगवायू टळल्यामुळे पडलेली नव्हती. हृदय दुर्बल होऊन व अकस्मात होणारे मृत्यूही जुन्या औषधाच्या गटात कमी होते. असे का व्हावे ह्याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. वारंवार तपासणीसाठी येणाऱ्या रोग्याची अधिक देखभाल होत असावी, असे एक अनुमान मांडले गेले आहे.

ह्या संशोधनाचे तात्पर्य

एका प्रदेशातील रोग्यांवर सिद्ध झालेले औषध दुसऱ्या प्रदेशातील रोग्यांना, केवळ रोगाचे नाव एक आहे म्हणून, तसेच लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. हा निष्कर्ष मोठ्या चाचणीने दिला. त्या रोग्यांचे वेगळेपण आधी ओळखले ते मात्र चंदीगढसारख्या ठिकाणच्या पाहण्यांनी आणि खेड्यांतील नोंदवह्यांनी. स्वस्त असले तरी जुने औषध सोपे नाही. ते सुरक्षितपणे द्यावयाचे तर रक्ततपासणीची सोय तालुक्याच्या गावापर्यंत पोचली पाहिजे. आणि त्याही आधी, ज्या मुलाला घसेदुखीनंतर ताप येऊन सांधे सुजले आहेत, त्याला वेळेवर पेनिसिलिन मिळाले पाहिजे व ते पुढे अनेक वर्षे चुकता कामा नये. थरथरू लागलेल्या हृदयाला सांभाळण्याचे उपाय आज उपलब्ध आहेत. ते थरथरू नये म्हणून करावयाचा उपाय शाळेच्या वयातच करावा लागतो.