मॉडेल रेल्वेची जुनी इंजिने घेताना

मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात नव्या मालाशेजारी संग्राहकांनी काढून टाकलेला जुना मालही विकायला असतो. किफायतीचा सौदा जुन्यातच सापडतो आणि फसगतही तिथेच होते. मालवण किनाऱ्यावर हा माल येतो तो बहुधा परदेशातल्या नातलगाच्या सामानातून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट स्प्रिंगफिल्डला दर जानेवारीत मोठे प्रदर्शन भरते. तिथे घेतलेले इंजिन इथून परत करता येत नाही. म्हणून काय पाहून घ्यायचे, हे नातलगाला आधीच लिहून द्यावे.

पहिली नोंद मापाची. एचओ म्हणजे 1:87, आणि त्याचे रूळ 16.5 मिमी अंतराचे. ब्रिटिश ओओ गाड्या त्याच रुळांवर धावतात, पण त्यांचे माप 1:76 असल्यामुळे एचओ डब्यांशेजारी त्या बेढब मोठ्या दिसतात. एन माप 1:160 चे, रूळ 9 मिमीचे. त्याचा एचओशी काही मेळ नाही. कोकण रेल्वेसारख्या 1676 मिमी ब्रॉडगेजचे 1:87 मध्ये 19 मिमीहून थोडे अधिक होतात. 16.5 मिमीच्या रुळांवर चालणाऱ्या भारतीय गाडीची चाके त्यामुळे किंचित जवळ दिसतात. तो दोष मानू नये.

दुसरी नोंद विजेची, आणि सर्वांत महाग चूक इथे होते. अमेरिकेतला ट्रान्सफॉर्मर 120 व्होल्टसाठी असतो, आपल्याकडे 230 व्होल्ट. प्रस्तुत लेखकाकडे आलेल्या संचातला ट्रान्सफॉर्मर असाच जळाला. इंजिन आणि डबे तिकडून आणावेत, वीज देणारे यंत्र इथलेच घ्यावे. मेर्कलिनची एचओ इंजिने तीन-रुळी पद्धतीची असतात; साध्या दोन-रुळी डीसी मांडणीवर ती चालत नाहीत, कितीही स्वस्त मिळोत.

किनाऱ्यावर खरी परीक्षा धातूची होते. पोलादी रूळ खाऱ्या दमट हवेत पावसाळ्यातच गंजतात आणि विजेचा संपर्क तुटतो. निकेल-सिल्व्हरचे रूळ घ्यावेत. खिशात छोटे लोहचुंबक असले की भेद लगेच कळतो: पोलादाला ते चिकटते, निकेल-सिल्व्हरला नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जस्त-मिश्रधातूच्या ओतीव भागांना कधी तडे जातात, कधी ते फुगतात; दमट हवा ही झीज वाढवते. असे इंजिन मालवणात आणूच नये.

‘चालते’ या विक्रेत्याच्या शब्दावर पैसे देऊ नयेत. प्रदर्शनात चाचणीचा रूळ असतो. नसला तर डीसी इंजिनाच्या चाकांना 9 व्होल्टच्या बॅटरीच्या तारा लावून पाहावे. दोन्ही दिशांना चाल तपासावी. मोटर फिरते पण चाके अडखळतात, तेव्हा बहुधा प्लॅस्टिकचे दातचक्र तडकलेले असते. चाल जड असेल तर जुने वंगण घट्ट झालेले असू शकते. ते साफ होते, म्हणून असे इंजिन कमी किमतीत घ्यायला हरकत नाही.

घासाघीस शेवटच्या दिवशी दुपारनंतर करावी, कारण उरलेला माल परत न्यायचा विक्रेत्याला कंटाळा असतो. मूळ खोके हरवलेले असेल तर किंमत उतरते. गाडी कपाटात न ठेवता चालवणाऱ्याला खोक्याची गरजही नसते.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभे केलेले मिनिएचर रेल्वे संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुले आहे. तिथे गाड्या प्रत्यक्ष धावताना दिसतात. सिंधुदुर्गातल्या नवख्या हौशी माणसाने पहिली यादी नातलगाला पाठवण्याआधी ते जरूर पाहून यावे.