गाभण काळ आणि मेंढीचे दूध

मेंढीचे दूध ती व्याल्यानंतर मिळते हे खरे. परंतु ते किती मिळणार, हे बव्हंशी तिच्या गाभण काळातच ठरते. फ्रान्समधील लाकोन आणि पश्चिम आशियातील अवासी या दुधाळ जातींना हा नियम जसा लागू आहे, तसाच तो दख्खनच्या पठारावरील धनगरांच्या कळपांनाही लागू आहे. दख्खनी मेंढी मुख्यतः मांसासाठी व लेंडीखतासाठी पाळली जाते. तिचे दूध कोकरासाठी असते. म्हणून त्याचा हिशेब जगलेल्या कोकरांवरून करावा लागतो.

मेंढीचा गाभण काळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचे वजन थोडेच वाढते. जन्मवेळच्या वजनापैकी सुमारे ७० टक्के वजन शेवटच्या सहा आठवड्यांत भरते. याच सुमारास कासेतील दूध तयार करणाऱ्या पेशीही झपाट्याने वाढतात. वारेतून स्रवणारे एक संप्रेरक या वाढीस चालना देते. प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक मात्र दुधाचा स्राव रोखून धरते. विण्याची वेळ जवळ आली की त्याचे रक्तातील प्रमाण उतरते, प्रोलॅक्टिनचे वाढते आणि कास भरू लागते.

अडचण अशी की, मेंढीची गरज सर्वांत अधिक असते तेव्हाच वाढत्या गर्भाशयामुळे तिच्या कोठीपोटाला जागा कमी पडते. चारा निकृष्ट असेल तर ती अंगची चरबी जाळू लागते. पोटात जुळे असल्यास रक्तातील साखर उतरून ती सुस्त होते, चरणे सोडते आणि प्रसंगी दगावते. त्यातून वाचली तरी कास लहान राहते व चीक उशिरा आणि थोडा उतरतो. कोकराला रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. आणि ती शोषून घेण्याची त्याच्या आतड्याची शक्ती साधारण एका दिवसात संपते. म्हणून जन्मानंतरचे पहिले काही तास मोलाचे असतात.

व्याल्यानंतर दूध वाढत जाऊन दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात सर्वाधिक होते आणि मग हळूहळू उतरते. जुळी कोकरे पाजणारी मेंढी एक कोकरू पाजणारीपेक्षा अधिक दूध देते. परंतु ते दुप्पट होत नाही. दूध देत असतानाच मेंढी पुन्हा गाभण राहिली, तर आरंभी दुधावर फारसा परिणाम दिसत नाही. गाभण काळाच्या उत्तरार्धात मात्र ते घटते. पुढील वेतापूर्वी कासेला दीड-दोन महिने विसावा मिळाला पाहिजे.

फलटणचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, १९९०च्या दशकापासून सुंदरबनातील बुटक्या गरोळ मेंढीचा दख्खनी मेंढीशी संकर करण्यात आला. गरोळ मेंढीतील ‘फेक-बी’ या जनुकामुळे एका वेळी अधिक अंडी पक्व होतात व जुळ्यांचे प्रमाण वाढते. या जनुकातील नेमका बदल २००१ साली ओळखला गेला. मात्र हे जनुक दुसरे कोकरू देते, त्याच्या वाट्याचे दूध देत नाही. ते दूध मेंढपाळाला चाऱ्यातूनच उभे करावे लागते.

यावरून करावयाच्या गोष्टी उघड आहेत. विण्यास सहा आठवडे उरले की गाभण मेंढ्या वेगळ्या काढाव्यात, त्यांची लांबची चाल टाळावी आणि त्यांना द्विदल चारा व थोडे धान्य किंवा पेंड द्यावी. सतत मुक्काम हलवणाऱ्या मेंढपाळाला हे सर्व साधणे कठीण आहे. त्याने निदान ज्यांच्या पोटात जुळे असल्याचा अंदाज येतो, अशा मेंढ्यांपासून तरी आरंभ करावा. दूध उणे पडलेल्या कोकराला कळपातील शेळीचे दूध पाजता येते. पण हा नंतरचा उपाय झाला. कोकरू जन्मण्यापूर्वी मेंढीला घातलेला मूठभर दाणा त्याहून अधिक उपयोगी पडतो.