स्टायपेंडमधून कापलेले दहा टक्के

पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला स्टायपेंड किती मिळतं, हे त्याच्या अख्ख्या गावाला तोंडपाठ असतं. माझं नाव एमडीच्या यादीत लागलं त्याच आठवड्यात रोह्यात आमच्या आळीत आकडा फिरला, वर लोकांनी पदरचे दहा-वीस हजार घातले ते वेगळेच. हातात किती येतं आणि मधले पैसे कुठे जातात, हे मात्र कोणी सांगत नाही. सिनिअरही सांगत नाहीत, कारण नाइट ड्युटी आणि राउंडच्या रेट्यात त्यांनीही कधी बघितलेलं नसतं. पेण-रोह्याहून आता रेसिडेन्सीला निघालेल्या मुलामुलींसाठी माझ्या पहिल्या वर्षाचा हिशोब मांडते आहे.

सगळ्यात आधी लक्षात ठेवायचं ते एवढंच: स्टायपेंडमधून कापलेला पैसा आणि तुमचा खरा कर या दोन वेगळ्या रकमा आहेत. दोन्हींतला फरक तुमचा असतो, पण तो आपणहून चालत घरी येत नाही.

इंटर्नशिप संपल्यावर नीट-पीजीचा अभ्यास करता करता मी पेणच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) होते. रोहा-पेण जा-ये, कधी मेमूने, कधी एसटीने. हिशोबाला सोपं जावं म्हणून आकडे गोल करते. पगार 40,000 ठरलेला, खात्यात 36,000 जमा. डिसेंबर 2024 मध्ये मुंबईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात रेसिडेन्सी सुरू झाली. तिथे 80,000, त्यातून 8,000 टीडीएस (हातात येण्याआधीच कापलेला कर), 200 रुपये व्यवसाय कर, शिवाय मेस आणि हॉस्टेल. हातात सत्तर हजारांच्याही खाली. त्यात पहिल्या महिन्यांचं स्टायपेंड उशिरा, एकगठ्ठा आलं. तोवर खोलीची अनामत, पुस्तकं, ॲप्रन, स्टेथो सगळं बाबांच्या खिशातून. म्हणून पहिला सल्ला हाच, की रुजू होताना दोन-तीन महिन्यांच्या खर्चाची तजवीज करूनच घर सोडा.

बाबा धाटावच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत आहेत. दर जूनमध्ये फॉर्म 16, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, आणून ते देवघराशेजारच्या कपाटात ठेवतात. ते म्हणाले, "ऑफिसातून फॉर्म 16 मागून घे, मग बघू." मी अकाउंट्सच्या खिडकीशी गेले. तिथले साहेब मान वर न करता म्हणाले, "मॅडम, तुम्हाला 16 नाही, 16ए मिळणार. तुम्ही पगारात येत नाही."

कागदावरच्या त्या एका 'ए'ने सगळं बदलतं. पगार असेल तर कलम 192 खाली वर्षाच्या अंदाजे उत्पन्नावर कर काढून तो महिन्यांत वाटून कापतात. उत्पन्न करपात्र नसेल तर काहीच कापत नाहीत. पण संस्थेने तुमचं स्टायपेंड 'व्यावसायिक शुल्क' धरलं तर कलम 194जे लागतं आणि सरसकट दहा टक्के कापले जातात, मग तुमचा कर शून्य असला तरी. तिसरा प्रकार म्हणजे विद्यावेतन मानून काहीच न कापणं. एकाच वर्षाचे, एकच काम करणारे रेसिडेंट तीन रुग्णालयांत तीन तऱ्हांनी मोजले जातात.

हा घोळ जुना आहे. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती कलम 10(16) खाली करमुक्त आहे. रेसिडेंटचं विद्यावेतन त्यात बसतं की रुग्णसेवेचा मोबदला ठरतं, यावर वाद होत आले आहेत. ऑक्टोबर 2021 मध्ये 'मार्ड' या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने राज्यभर संप केला, तेव्हा फी माफीच्या जोडीने मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत स्टायपेंडमधून होणाऱ्या टीडीएस कपातीचा मुद्दाही मागण्यांत होता. तेव्हा "आमचं स्टायपेंड टॅक्स-फ्री असतं" असं हॉस्टेलमध्ये कोणी छातीठोक सांगितलं तरी त्यावर रिटर्न भरू नका. तुमच्या संस्थेने नोंद कशी केली आहे ते आधी पाहा.

आता माझा हिशोब. 2024-25 मध्ये आठ महिने आरएमओचे 3,20,000 आणि चार महिने स्टायपेंडचे 3,20,000, मिळून 6,40,000. कापले गेले 64,000. त्या वर्षी नव्या करप्रणालीत 7 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम 87ए ची सवलत मिळून कर शून्य होत होता. म्हणजे 64,000 पूर्ण परत मिळायचे, पण रिटर्न भरलं तरच. हमरापूरच्या कारखान्यात व्यापारी गणपतीच्या मूर्तींचा विसार देऊन जातो आणि सण झाला की हिशोब होतो. टीडीएस हा तसाच सरकारकडे ठेवलेला विसार आहे. हिशोबाला गेलंच नाही तर तो आपल्याच अंगावर.

गाडी अडली ती पुढे. जूनमध्ये आयकर पोर्टलवर फॉर्म 26एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडला. स्टायपेंडचे 8,000 ओळीने दिसत होते. नर्सिंग होमचेही सप्टेंबरपर्यंतचे होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे 8,000 मात्र कुठेच नाहीत. पेणला जाऊन चौकशी केली. कापलेला पैसा त्यांनी भरला होता, पण त्या तिमाहीच्या विवरणात माझ्या पॅनचं एक अक्षर चुकलं होतं. पॅनमधलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी 'पी' असतं आणि पाचवं तुमच्या आडनावाचं आद्याक्षर. माझं पाचवंच अक्षर दुसरं पडलेलं. माझे पैसे कोणा भलत्याच्याच नावावर. दुरुस्तीचं विवरण नर्सिंग होमनेच भरायचं असतं, आपल्या हातात काही नसतं. त्यांचा हिशोबनीस आठवड्यातून एकदाच यायचा. फोन, पुन्हा फोन, मग सुट्टी टाकून पेणची खेप. नोंद दुरुस्त झाली तेव्हा मूळची 31 जुलै उलटून गेली होती. 2025 साली मुदत वाढत 16 सप्टेंबरपर्यंत गेली म्हणून निभावलं. दरवर्षी मुदत वाढेलच असं धरून चालू नका.

म्हणून 26एएस जूनमध्ये नव्हे, दर तिमाहीला उघडायचा. टीडीएसची विवरणं 31 जुलै, 31 ऑक्टोबर, 31 जानेवारी आणि 31 मे या तारखांपर्यंत भरली जातात. त्यानंतर पंधरवड्यात नोंद दिसायला हवी. दिसली नाही तर तेव्हाच, माणसं तिथे असताना, लेखी विचारा. पगार देणाऱ्याने कर कापला आणि भरलाच नाही, तरी कलम 205 प्रमाणे तो तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. पण कापल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. व्हॉट्सॲपवरचा "मॅडम 36 टाकलेत" हा निरोप पुरावा होत नाही. पेमेंट स्लिप आणि बँक स्टेटमेंट जपून ठेवा.

माझ्या वॉर्डातला पेणचा एक बॅचमेट. त्याचे दहा नाही, वीस टक्के कापले जात होते आणि त्याला वाटत होतं हॉस्टेलचं भाडं असेल. आधारवर आणि पॅनवर नावाचं स्पेलिंग वेगळं, म्हणून दोन्ही जोडले गेले नव्हते आणि पॅन निष्क्रिय पडला होता. तसं झालं की टीडीएस चढ्या दराने कापतात आणि परतावाही अडकतो. नाव दुरुस्त करून, 1,000 रुपये विलंब शुल्क भरून त्याने ते सोडवलं. हे काम रुजू होण्याआधी तालुक्याच्या गावात बसून करायचं आहे. ओपीडी सोडून कोणी सुविधा केंद्राच्या रांगेत उभं राहू देत नाही.

मार्च आला की आणखी एक पाहुणा येतो, पॉलिसीवाला. आमच्याकडे बाबांचे मित्रच आले. आम्ही त्यांना काका म्हणतो, त्यामुळे नाही म्हणणं अवघड. "डॉक्टर, वर्षाला दीड लाख भरा, टॅक्स वाचेल." बाबांनीही मान हलवली, कारण त्यांचं आयुष्य 80सी मध्ये गेलं. पण नव्या प्रणालीत 80सी ची वजावट नाहीच. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची 80ई ही वजावटही फक्त जुन्या प्रणालीत. शिवाय ज्याचा कर मुळात शून्य, तो वाचवणार काय? मी काकांना म्हटलं, "विमा हवाय, पण कर वाचवायला नको. साधा टर्म आणि मेडिक्लेम सांगा." काका चहा पिऊन गेले, पुन्हा त्या विषयावर आले नाहीत. आणखी एक गैरसमज: पीजीची स्वतःची फी 80सी मध्ये बसते असं सांगणारे भेटतील. ती वजावट मुलांच्या शिकवणी शुल्काची आहे, स्वतःच्या नव्हे.

"15जी भरून दे, कापणार नाहीत" हाही हॉस्टेलमधला लाडका सल्ला. तो फॉर्म बँकेच्या व्याजासारख्या ठरावीक उत्पन्नांसाठी आहे. 194जे ला तो लागू नाही. कमी कपात हवी असेल तर कलम 197 खाली आयकर खात्याकडे रीतसर अर्ज करावा लागतो. दुसरीकडे, रिटर्न भरून देणारा एखादा सांगेल की डॉक्टर आहात, 44एडीए मध्ये निम्मी जमा खर्च दाखवू. ती सोय व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे आणि रेसिडेंटला खासगी प्रॅक्टिसची मुभा नसते. कर शून्य येत असताना ओढूनताणून खर्च दाखवायचाच कशाला? मात्र 194जे ची नोंद असताना पगारदारांचा साधा आयटीआर-1 भरला तर आकडे जुळत नाहीत आणि नोटीस येऊ शकते. तिथे जाणत्या सल्लागाराला 26एएस दाखवूनच फॉर्म ठरवा.

पूर्ण बारा महिन्यांच्या वर्षाचं गणित 2025-26 पासून सोपं झालं. नव्या प्रणालीत सवलतीची मर्यादा 12 लाख झाली. पगारदार धरलं तर 75,000 ची प्रमाणित वजावट धरून 12,75,000 पर्यंत कर नाही. 85,000 स्टायपेंड असेल तर वर्षाचे 10,20,000, म्हणजे दोन्ही तऱ्हांनी कर शून्य. पण 194जे खाली कापले जाणारे 1,02,000 तरीही कापले जाणारच. शेअरच्या नफ्यावरचा विशेष दराचा कर मात्र या सवलतीत माफ होत नाही. रात्री ड्युटी रूममध्ये मोबाइलवर ट्रेडिंग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर अधिनियम लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले; इथे दिलेले क्रमांक जुन्या कायद्यातले आहेत. 2025-26 चं रिटर्न मात्र जुन्याच कलमांनी भरायचं आहे.

रुजू होण्याच्या दिवशी तीन गोष्टी करा. पॅन-आधार जोडलेले आहेत ना ते पाहा. अकाउंट्सला विचारा, "माझं कशात धरता, पगारात की व्यावसायिक शुल्कात?" उत्तर लिहून घ्या. आणि आधी कुठे आरएमओ किंवा बाँडवर मेडिकल ऑफिसर असाल तर तिथलं उत्पन्न नव्या ठिकाणी कळवा. पगारात धरत असतील तर त्यासाठी वेगळा फॉर्म असतो.

पुढे 31 जुलैच्या आत रिटर्न, 30 दिवसांत ई-पडताळणी, आणि परताव्याचं बँक खातं पोर्टलवर आधीच पडताळलेलं. तारीख चुकलीच तर 31 डिसेंबरपर्यंत विलंब शुल्क भरून रिटर्न भरता येतं. तीही गेली तर परतावा मागायला आयकर खात्याकडे विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो. नंतर भरता येणारं 'अद्ययावत' रिटर्न परतावा मागण्यासाठी चालत नाही. आरएमओ असतानाच्या वर्षाचं रिटर्न "तेव्हा कुठे डॉक्टर झालो होतो" म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत. त्यांचे महिन्याचे चार हजार आजही तिथेच पडलेले आहेत.

माझे 64,000 आले, त्यातून आईला वॉशिंग मशीन घेतलं. यंदा आमच्या युनिटला नवे ज्युनिअर आले, तेव्हा त्यांना क्रॅश कार्ट आणि ब्लड बँक दाखवली. त्याच फेरीत अकाउंट्सची खिडकीही दाखवली आणि 26एएस कसा उघडायचा ते त्यांच्याच मोबाइलवर करून घेतलं. तुम्ही सिनिअर व्हाल तेव्हा तेवढं कराच.