भिंतीवरील चित्र: पूजेस कीं पाठास?

वर्धा जिल्ह्यांतील आंजी (मोठी) सारख्या गांवीं एखाद्या विश्वासणाऱ्यानें घरांत प्रभूचें छापील चित्र लाविलें, आणि शेजारच्या आयाबायांनीं त्यास कुंकू लावून हात जोडिले, तर तें ठेवावें कीं उतरवावें? प्रश्न लहान दिसतो, पण जुना आहे.

पंधराव्या शतकांत युरोपांत लाकडी ठशांवरून चित्रें छापूं लागले, तेव्हां पूर्वीं मंदिरांत किंवा श्रीमंताच्या वाड्यांत असणारें चित्र गरिबाच्या झोपडींत आलें. कोणी तें पेटीच्या झांकणास चिकटवी, कोणी रोगराई टळावी म्हणून जवळ बाळगी. कागदाचा ताईत झाला! पुढें १५२२ सालीं विटेनबर्ग येथें मूर्ति व चित्रें काढून टाकण्यासाठीं दंगा माजला, तो ल्यूथरानें परत येऊन उपदेशानें शांत केला. मूर्ति आधीं अंतःकरणांतून गेली पाहिजे, असें त्याचें म्हणणें. त्यानेंच १५२९ सालीं आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकांत मुलांकरितां व साध्या लोकांकरितां सुमारें ५० चित्रें घातलीं, आणि त्यांच्या जोडीस शास्त्रवचनें दिलीं.

आपल्या देशांतही अशीं चित्रें लवकर आलीं. गोव्याहून निघालेल्या जेझुइट पाद्र्यांनीं १५८० सालीं फत्तेपूर सिक्री येथें अकबर बादशहास आंटवर्प येथें छापलेलें बहुभाषी पवित्र शास्त्र दिलें. त्याच्या आरंभींच्या चित्रांत सिंह, बैल, लांडगा व कोंकरूं एकाच गव्हाणींत खातात. यशयाचा ११ वा अध्याय जाणणाऱ्यास त्याचा अर्थ सांगावा लागत नाहीं. बादशहानें ग्रंथाचें चुंबन घेऊन तो मस्तकीं धरिला, असें त्या पाद्र्यांपैकीं मोन्सेरात यानें लिहून ठेविलें आहे. पुढें बादशहाच्या चित्रकारांनीं युरोपांतील छापील चित्रें पाहून आपलीं रंगीत चित्रें काढिलीं. केसूदास याचें मत्तयाचें चित्र अद्याप ऑक्सफर्ड येथें आहे. मान तर पुष्कळ मिळाला. पण मस्तकीं धरणें निराळें व समजणें निराळें.

समजण्याची रीत नादाल नामक जेझुइटाच्या ग्रंथांत चांगली सांपडते. त्याचीं १५३ चित्रें १५९३ सालीं आंटवर्प येथें तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलीं. तो आमच्या पंथाचा नव्हे, पण युक्ति घेण्यास हरकत नाहीं. चित्रांतील प्रत्येक भागास एक अक्षर, आणि खालीं त्या अक्षराचा खुलासा. जन्माच्या चित्रांत पहिलें अक्षर बेथलेहेम नगरावर, दुसरें कर भरण्याच्या जागेवर, तिसरें गुहेवर, चौथें गवतावर निजलेल्या बाळ येशूवर. असें पाहणाऱ्याचा डोळा एका जागीं थबकत नाहीं, वचनाबरोबर चालतो.

उपदेशक बंधूंनीं चित्र भिंतीवरून काढून मंडळीच्या मध्यें धरावें, लूकाचा २ रा अध्याय वाचावा, आणि एकेका ओवीस तिची जागा मुलांकडून बोटानें दाखवून घ्यावी. कुंकू लावणाऱ्या शेजारणीसही बोलवावें. गुहेपाशीं आल्यावर मात्र सांगावें कीं, गव्हाण लूकानें लिहिली आहे, गुहा त्यानें लिहिलेली नाहीं.