रेझोनेटर गिटारीचा आवाज कसा सुधारावा

तंबोऱ्याला भोपळा असतो; तारेचा बारीक नाद तो मोठा करतो. साध्या गिटारींत हें काम लांकडी पेटी करते. रेझोनेटर गिटारींत मात्र तें ॲल्युमिनियमच्या पातळ शंकूकडे सोंपविलेलें असतें. विजेनें आवाज वाढविण्याची सोय रूढ होण्यापूर्वीं वाद्यवृंदांत गिटारीचा आवाज बुडून जाई. त्यावर जॉन डोपेरा या कारागिरानें हा उपाय योजिला, आणि १९२७ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें नॅशनल कंपनी अशीं वाद्यें करूं लागली.

एकाच शंकूच्या एका प्रकारच्या गिटारींत शंकूच्या शेंड्यावर लांकडाची लहान चकती असून तींत घोडी बसविलेली असते. तारेचा कंप घोडींतून चकतींत, चकतींतून शंकूंत आणि शंकूंतून हवेंत जातो. शंकू डिंकानें चिकटविलेला नसतो. आंतील लांकडी कंगोऱ्यावर तो नुसता टेकलेला असतो, व तारांचा दाबच त्यास जागीं धरतो. या सांखळींत कोठेंहि सैलपणा राहिला कीं आवाज बसका होतो, किंवा पत्रा खरखरतो.

आमच्या एका स्वस्त गिटारीचा आवाज असाच खरखरे. आम्ही दोनदां तारा बदलल्या. पैसे गेले, खरखर तशीच राहिली. अखेर तारा उतरवून झांकणाचे स्क्रू काढले. शंकू वांकडा असावा असें वाटून आम्ही तो अंगठ्यानें दाबला, तोंच पत्र्यास खोंच पडली! मग साडेनऊ इंच व्यासाचा नवा, हलका शंकू आणून बसविला. तरी खरखर थांबेना. तेव्हां कंगोऱ्यावरून बोट फिरविलें, आणि रोगणाची वाळलेली गुठळी हातास लागली. दोष शंकूंत नव्हता, बैठकींत होता. बारीक पॉलिश पेपरानें गुठळी घांसतांच खरखर नाहींशी झाली, आणि मगच नव्या शंकूचा मोकळा, दूरवर जाणारा नाद आम्हांस ऐकूं आला.

म्हणून आमचा अनुभव असा सांगतो: प्रथम बैठक तपासून स्वच्छ व सपाट करावी. नंतर शंकू कांचेवर ठेवून त्याची कड सर्व बाजूंनीं टेकते कीं नाहीं तें पाहावें. चकती व घोडी मेपलसारख्या कठीण लांकडाची असावी. घोडीच्या खांचा फार खोल नसाव्यात, नाहींतर तार दबून बोलते. शंकूची व चकतीची जोड घट्ट असावी, पण स्क्रू फार आवळूं नये. तारा एकदम न ताणतां सर्व थोड्या थोड्या चढवाव्यात. नवा शंकू घेण्याचा विचार शेवटीं करावा. आणि एका वेळीं एकच बदल करून कान देऊन ऐकावें. नाहींतर गुण कशानें आला हें कळत नाहीं. वाद्य जुनें असल्यास काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.

आमचा शंकू खर्ची पडला तो घाईमुळें. आधीं पाहावें, मग हात लावावा, एवढा धडा त्या वाद्यानें आम्हांस दिला.