एकदमच म्हातारे होणारे उपनगर

एखादे गाव म्हातारे होते काय? माणसे म्हातारी होतात हे खरे. पण जुन्या गावात कोणी जन्मते, कोणी लग्न होऊन येते, कोणी नोकरीसाठी बाहेर पडते. आजोबा, बाप आणि नातू तेथे एकाच वेळी नांदत असतात, म्हणून गावाची वयोरचना हळूहळूच बदलते. नव्याने वसवलेल्या उपनगराची गोष्ट मात्र निराळी असते. ती समजावी म्हणून आधी थोडी आकडेमोड करू. वही-पेन्सिल जवळ घ्या.

समजा, शहराबाहेर एका माळावर १,००० घरांची वसाहत बांधली आणि एकाच वर्षी ती भरली. प्रत्येक घरात ३२ वर्षांचा नवरा, २९ वर्षांची बायको, ५ व २ वर्षांची दोन मुले. लोकसंख्या झाली ४,०००. त्यांपैकी १५ वर्षांखालील मुले २,०००, म्हणजे निम्मी! पासष्टी ओलांडलेला एकही नाही. अशा वसाहतीत पहिली मागणी होते ती शाळेची.

आता घड्याळ पुढे सरकवा. दहा वर्षांनी धाकटे मूल १२ वर्षांचे होते आणि प्राथमिक शाळेचे वर्ग ओस पडू लागतात. पंधरा वर्षांनी १५ वर्षांखालील मुलांचा आकडा शून्यावर येतो. पंचविसाव्या वर्षी मुले ३० व २७ वर्षांची झालेली असतात. ती सगळी आपापला संसार थाटायला दुसरीकडे गेली असे मानले, तर लोकसंख्या २,००० उरते. घरे मात्र तितकीच, १,०००. चाळिसाव्या वर्षी नवरा ७२ चा, बायको ६९ ची. म्हणजे वसाहतीतली शंभर टक्के माणसे पासष्टीच्या पुढची!

लोकसंख्याशास्त्रात ‘परावलंबन गुणोत्तर’ नावाचे एक माप आहे. १५ वर्षांखालील आणि ६५ व त्यावरील माणसांच्या बेरजेला १५ ते ६४ वयाच्या माणसांच्या संख्येने भागायचे आणि १०० ने गुणायचे. आपल्या वसाहतीत ते आरंभी १०० होते आणि पंधराव्या वर्षी शून्य झाले. चाळिसाव्या वर्षी तर ते काढताच येत नाही, कारण भाजकच शून्य! गणिताच्या तासाला शून्याने भागायचे नाही असे का सांगतात, याचे हे एक खरेखुरे उदाहरण म्हणायला हरकत नाही.

अर्थात प्रत्यक्षात इतके काटेकोर काही घडत नाही. काही मुले आईवडिलांपाशी राहतात, काही घरे विकली जातात, काही माणसे लवकर जातात. तरीही हा नमुना किती खरा ठरतो, हे जपानमधील तामा न्यू टाउन या वसाहतीत दिसून आले आहे.

टोकियोच्या पश्चिमेच्या टेकड्यांवर ही वसाहत बांधण्याची योजना १९६५ साली ठरली. महानगरात घरांची भयंकर टंचाई होती. सुवा व नागायामा या भागांत १९७१ साली पहिली कुटुंबे राहायला आली. तेव्हा तेथे रेल्वेसुद्धा नव्हती; ती १९७४ साली आली. तोवर लोक बसने दूरच्या स्टेशनावर जाऊन टोकियोची गाडी पकडत. येणारी बहुतेक कुटुंबे तरुण होती, घरात लहान मुले होती. शाळा बांधण्याचा भार इतका पडला, की स्थानिक नगरपालिकेने काही काळ आणखी घरे बांधायला हरकत घेतली. पुढे त्याच परिसरात विद्यार्थ्यांअभावी शाळा बंद कराव्या लागल्या.

इमारतींचेही तसेच झाले. पहिल्या इमारती पाच मजली होत्या आणि त्यांना लिफ्ट नव्हती. तिशीतल्या माणसाला पाच जिने म्हणजे काहीच नाही. पण त्याच माणसाने पंचाहत्तरीत भाजीची पिशवी घेऊन ते चढायचे म्हटले तर? काहींना घराबाहेर पडणेच नकोसे होते. नकाशा काढणाऱ्यांनी माणसे किती येणार हे मोजले होते; ती कोणत्या वयाची आहेत आणि पुढे कोणत्या वयाची होतील, हे मात्र पुरेसे मोजले नाही, असे मला वाटते.

मग नवी तरुण कुटुंबे का आली नाहीत? घरे लहान, लिफ्ट नाही, आणि शहराच्या जवळ नव्या उंच इमारती झालेल्या. शिवाय देशातच मुले कमी जन्मत होती. लोकसंख्या स्थिर राहायची तर एका स्त्रीमागे सरासरी सुमारे २.१ मुले जन्मावी लागतात. जपानमध्ये १९७४ पासून हा आकडा त्याखालीच आहे. साऱ्या जपानात ६५ वर्षांवरील लोक १९७० साली सुमारे ७ टक्के होते, २०२० साली ते २८ टक्क्यांहून अधिक झाले. उपनगरात एकाच वयाची माणसे एकत्र आली होती, त्यामुळे तेथे हा बदल एकदम अंगावर आला.

सुवा भागात एक उपाय करून पाहण्यात आला. १९७१ च्या ६४० घरांच्या इमारती रहिवाशांच्या संमतीने पाडल्या आणि २०१३ साली तेथे लिफ्ट असलेली १,२४९ घरे उभी राहिली. जुने रहिवासी परतले, वाढीव घरे नव्या कुटुंबांनी घेतली. ही नवी कुटुंबेही बरीचशी तरुणच! २०५३ साली तेथे काय दिसेल, याचा विचार वर्गात जरूर करा.

घरे टप्प्याटप्प्याने भरली तर? आपल्याच उदाहरणात दर दहा वर्षांनी २५० घरे भरली असे धरा. तिसाव्या वर्षी चौथी तुकडी येते तेव्हा तिची ५०० मुले आणि तिसऱ्या तुकडीची १२ वर्षांची २५० मुले मिळून १५ वर्षांखालील मुले ७५० होतात. सगळी घरे एकदम भरली असती, तर त्या वर्षी एकही नसते.

हा प्रयोग तुम्ही राहता त्या चाळीत, सोसायटीत किंवा आळीत करता येईल. घरोघर जाऊन माणसांची फक्त वये आणि ती राहायला आल्याचे साल लिहून घ्या. नावे लिहू नका. आलेख-कागदावर मधोमध उभी रेघ ओढून डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, असे पाच-पाच वर्षांचे आडवे पट्टे काढा. सर्वांत लहान वयाचा पट्टा तळाशी घ्या. पट्टा कोठे फुगला आहे ते पाहा. मग सगळे पट्टे दोन-दोन घरे वर सरकवून दहा वर्षांनंतरचे चित्र काढा. तळाच्या रिकाम्या दोन घरांत काय भरावे लागेल, त्यासाठी कोणती माहिती आणखी गोळा करावी लागेल, हे तुमच्या शिक्षकांशी बोलून ठरवा.